दिवे बदलण्याआधी तास मोजा: व्यापारी इमारतीतील वीजबचतीचा अंदाज

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यालयीन इमारतीत ८०० चौकोनी फिटिंग आहेत, प्रत्येकात १८ वॅटच्या चार ट्यूब. त्यांच्या जागी ३६ वॅटचे एलईडी पॅनेल आणि सोबत सेन्सर बसवायचे आहेत. पुरवठादाराच्या तक्त्यात जुने फिटिंग १०० वॅटचे, नवे ३६ वॅटचे, वापर रोज १२ तास आणि वर्षाचे ३६५ दिवस असे धरले आहे. त्यावरून दिव्यांची बचत ६४ टक्के, सेन्सरची ३० टक्के, एकूण ९४ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३ लाख २९ हजार युनिट. हा आकडा व्यवस्थापनापुढे ठेवावा का?

ठेवू नका. दिवे बदलण्याचा निर्णय बहुधा योग्यच ठरेल, कारण अशा इमारतीत एलईडीची बचत खरी असते आणि टिकतेही. पण हा आकडा प्रत्यक्षात निम्माही उतरणार नाही. वर्षभराने बिले समोर आली की चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो, आणि पुढचा प्रस्ताव, मग तो कितीही भक्कम असो, कोणी ऐकून घेत नाही. म्हणून तक्ता कुठे फुगला आहे ते एकेक करून पाहू.

सुरुवात वॅटपासून करू, कारण ती सोपी बाजू आहे. ट्यूबवर छापलेले १८ वॅट म्हणजे फक्त ट्यूबचे. चोक किंवा बॅलास्ट, म्हणजे ट्यूबचा विद्युतप्रवाह आवरणारा भाग, जे खातो ते वेगळे. जुन्या तांब्याच्या चोकवर चालणारे चार ट्यूबचे फिटिंग साधारण ८५ ते ९२ वॅट घेते, तर इलेक्ट्रॉनिक बॅलास्टवरचे ७० ते ७५. म्हणजे पुरवठादाराचे १०० वॅट दोन्हींत बसत नाहीत. एकाच इमारतीत दोन्ही प्रकार सापडणे अगदी नेहमीचे आहे, कारण वर्षानुवर्षे दुरुस्तीच्या वेळी जे मिळेल ते बसवलेले असते. झाकण उघडून पाहा: स्टार्टर दिसला तर चोक तांब्याचा. उघडणे शक्य नसेल तर मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा. तांब्याच्या चोकवरच्या ट्यूबखाली पडद्यावर बहुतेक वेळा सरकते पट्टे दिसतात, इलेक्ट्रॉनिकवर सहसा दिसत नाहीत. याने प्रकार कळतो, वॅट मात्र मोजूनच कळतात.

मोजताना एक चूक इतक्या वेळा होते की तिच्यावर थांबायलाच हवे. इलेक्ट्रिशियन क्लॅम्प मीटर लावतो, अँपिअर वाचतो, व्होल्टने गुणतो आणि वॅट म्हणून लिहितो. ३६ वॅटच्या लांब ट्यूबचे उदाहरण घ्या. तांब्याच्या चोकवर, कपॅसिटर नसेल किंवा निकामी झाला असेल तर, ती २३० व्होल्टवर सुमारे ०.४३ अँपिअर घेते. गुणाकार येतो ९९. पण हे ९९ व्होल्ट-अँपिअर आहेत. खरी शक्ती ४५-४६ वॅटच असते, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधला खऱ्या वॅटचा वाटा, निम्म्याच्या आसपास असतो. तिच्या जागी १८ वॅटची, चांगल्या पॉवर फॅक्टरची एलईडी ट्यूब आली की क्लॅम्प मीटरचा हिशेब ९९ वरून १९, म्हणजे ८० टक्के बचत दाखवतो. खरी बचत ४६ वरून १८, म्हणजे सुमारे ६० टक्के. युनिटचा मीटर वॅट मोजतो, त्यामुळे फरकाचे ते २० टक्के बिलात कधीच दिसणार नाहीत. खरी शक्ती दाखवणारा पॉवर मीटरच वापरा, आणि प्रत्येक प्रकारची चार-पाच फिटिंग दिवा लावून पंधरा-वीस मिनिटांनी, तापल्यावर मोजा. नव्या पॅनेलचा नमुनाही तसाच मोजून घ्या. ३६ वॅटचे पॅनेल ३४ घेते की ३९, हे छापील माहितीवरून ठरवू नका.

नवे पॅनेल न घेता जुन्याच फिटिंगमध्ये एलईडी ट्यूब घालायचा विचार असेल, तर ती जुन्या बॅलास्टवरच चालणारी आहे का ते विचारा. तशी असेल तर बॅलास्टचा तोटा तसाच चालू राहतो, तो नव्या वॅटमध्ये धरावा लागतो.

बंद पडलेल्या ट्यूबचाही हिशेब ठेवा. जुन्या इमारतीत काही टक्के ट्यूब कायम गेलेल्या असतात, आणि गेलेली ट्यूब वीज जवळपास वाचवतच असते. यावर एक चांगला उपाय आहे. सुट्टीच्या दिवशी एकेका मजल्याचे सगळे दिवे लावा, मग बंद करा, आणि त्या मजल्याच्या मीटरवरचा किंवा वीजपुरवठ्याच्या पॅनेलवरचा किलोवॅटमधला फरक टिपा. बाकीचा भार त्या काही मिनिटांत हलू नये एवढीच काळजी घ्यायची. यात चोकचा तोटा, गेलेल्या ट्यूब, मिश्र बॅलास्ट सगळे आपोआप येते. तुमच्या इमारतीत असे मोजून फिटिंगमागे सरासरी ८८ वॅट निघाले आणि नवे पॅनेल ३७ वॅट घेते असे दिसले, असे पुढच्या गणितासाठी धरू.

आता तास. खरा अंदाज इथेच बिघडतो. वॅटमध्ये दहा-पंधरा टक्के चूक होते, तासांत चाळीस-पन्नास टक्के सहज होते, आणि ती नेहमी एकाच दिशेने होते, कारण जास्त तास धरले की बचत मोठी दिसते. रोज १२ तास, ३६५ दिवस म्हणजे ४,३८० तास. आठवड्याला पाच दिवस चालणाऱ्या कार्यालयात मुख्य हॉलचे दिवे इतके क्वचितच जळतात. उलट जिना आणि सुरक्षेचे दिवे ८,७६० तास जळतात, म्हणजे तक्त्याच्या दुप्पट. एकच सरासरी आकडा दोन्हीकडे खोटा ठरतो.

म्हणून इमारत वापरानुसार गटांत तोडा. मजल्यानुसार तोडून उपयोग नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीचे वागणे पाचव्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीसारखे असते, शेजारच्या कॉरिडॉरसारखे नसते. साधारण असे गट पडतील: मुख्य हॉल ४८० फिटिंग, केबिन आणि बैठकीच्या खोल्या १४०, कॉरिडॉर-लिफ्टसमोरची जागा-स्वच्छतागृहे १२०, जिने आणि सुरक्षा ४०, सामानाच्या खोल्या २०.

प्रत्येक गटाचे तास माणसांना विचारून ठरवू नका. व्यवस्थापक कार्यालयाची वेळ सांगतो, दिव्यांची वेळ त्याला ठाऊक नसते. संध्याकाळी सफाईचे लोक येतात आणि एका बटणावर पूर्ण मजला उजळतो. पहाटे पहारेकरी फेरी मारताना लावलेला दिवा दुपारपर्यंत राहतो. शनिवारी चार जण येतात, त्यांच्यासाठी ऐंशी फिटिंग जळतात. हे सगळे लॉगर सांगतो. दिवा कधी लागला, कधी विझला एवढेच टिपणारे छोटे लॉगर फिटिंगच्या आत लावतात. खिडकीजवळ लावताना त्याची संवेदनशीलता जुळवून घ्या, नाहीतर उन्हालाच तो दिवा समजतो. किमान तीन-चार आठवडे ठेवा, आणि त्या काळात मोठी सुट्टी किंवा वर्षअखेरीची धावपळ असेल तर वर्षाचा आकडा काढताना ती वेगळी काढा.

किती लॉगर? मोजमापाचा एकक फिटिंग नसून एका बटणावरचे सर्किट असते, कारण त्यावरची सगळी फिटिंग एकत्रच लागतात-विझतात. नेहमीचा निकष असा की ९० टक्के खात्रीने उत्तर १० टक्क्यांच्या आत यावे. तासांतला चढउतार किती आहे हे ठाऊक नसेल तर चढउताराचे गुणोत्तर, म्हणजे सरासरीच्या मानाने विचलन, ०.५ धरतात. मग १.६४५ (९० टक्के खात्रीसाठीचा अंक) चा वर्ग गुणिले ०.५ चा वर्ग, भागिले ०.१ चा वर्ग, म्हणजे ६८ नमुने. मुख्य हॉलमध्ये एकूण सर्किटच ६० असतील तर मर्यादित संख्येची दुरुस्ती लावून ३२ पुरतात. आणि गट नीट पाडला असेल, चढउतार ०.२५ इतकाच असेल, तर १४ लॉगर बस्स. गट पाडण्यात घालवलेला एक दिवस लॉगरचा खर्च निम्म्याहून कमी करतो, म्हणून त्या कामाची घाई करू नये.

समजा लॉगरवरून वर्षाचे तास असे आले: मुख्य हॉल २,९००, केबिन व बैठकीच्या खोल्या १,७००, कॉरिडॉर व स्वच्छतागृहे ४,२००, जिने व सुरक्षा ८,७६०, सामानाच्या खोल्या ५००. प्रत्येक गटात फिटिंगची संख्या गुणिले तास करून बेरीज केली की २४,९४,४०० फिटिंग-तास होतात, म्हणजे फिटिंगमागे सरासरी ३,११८. जुना वापर ८८ वॅटने सुमारे २,१९,५०० युनिट, नवा ३७ वॅटने सुमारे ९२,३०० युनिट. नुसते दिवे बदलून बचत १,२७,२०० युनिट, ५८ टक्के. टक्केवारी पुरवठादाराच्या ६४ च्या जवळ आहे, पण युनिट फार कमी आहेत, कारण ज्या वापराचे ते टक्के काढायचे तोच त्याने साडेतीन लाख युनिट धरला होता. बचतीचा प्रस्ताव कधीही टक्क्यांत स्वीकारू नये, युनिटमध्ये मागावा, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

सेन्सरचे टक्के दिव्यांच्या टक्क्यांत मिळवता येत नाहीत. सेन्सर बसतो तेव्हा दिवा आधीच ३७ वॅटचा झालेला असतो, मग त्याने वाचवलेले तास ३७ वॅटचेच. ६४ टक्के बचत झाल्यावर ३६ टक्के वापर उरतो, त्यातले ३० टक्के म्हणजे मूळच्या ११ टक्के. बेरीज ७५ पर्यंत जाते, ९४ पर्यंत नाही. शिवाय ३० टक्के सगळीकडे मिळत नाहीत. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात व्यापारी इमारतींतली सरासरी बचत अशी निघाली: माणसाची चाहूल घेणारे सेन्सर २४ टक्के, उजेडानुसार मंद होणारे दिवे २८, ज्याच्या-त्याच्या टेबलावरचे नियंत्रण ३१, संस्थेनेच प्रकाशाची कमाल पातळी खाली ठरवणे ३६, आणि अनेक उपाय एकत्र ३८. याच आढाव्यात उजेडानुसार मंद होणाऱ्या दिव्यांची संगणकावर काढलेली बचत प्रत्यक्ष इमारतींतल्या बचतीपेक्षा जास्त निघाली होती. पडदे ओढले जातात, सेन्सरची जुळवणी होत नाही, टेबले हलतात, ही त्याची नेहमी दिसणारी कारणे.

तुमच्या इमारतीत खिडकीकडच्या १६० फिटिंगवर २५ टक्के, बैठकीच्या खोल्यांत २५, कॉरिडॉर-स्वच्छतागृहांत २५ असे सावधपणे धरले, तर अनुक्रमे ४,३००, २,२०० आणि ४,७०० असे सुमारे ११,२०० युनिट मिळतात. मुख्य हॉलच्या आतल्या भागात चाहुलीच्या सेन्सरवर मी काहीच धरले नाही, कारण चाळीस माणसांच्या हॉलमध्ये कोणी ना कोणी सतत हलत असते.

या ११,२०० युनिटांना एक गळतीही आहे. प्रत्येक फिटिंगमध्ये वायरलेस नियंत्रक बसवणार असाल तर दिवा बंद असतानाही तो थोडी वीज घेत राहतो. अर्धा वॅट धरला तरी ८०० फिटिंग आणि वर्षातले बंद असण्याचे सुमारे ५,६४० तास मिळून २,२५० युनिट जातात, म्हणजे सेन्सरच्या बचतीतला पाचवा भाग. माहितीपत्रकात हा आकडा बारीक अक्षरांत असतो. तो शोधा.

मला स्वतःला या यादीतला सगळ्यांत कमी वापरलेला आणि सगळ्यांत फायद्याचा उपाय वाटतो तो कमाल पातळी खाली आणण्याचा. त्याचा संबंध लक्सशी, म्हणजे टेबलावर पडणाऱ्या उजेडाच्या मापाशी आहे. १८ वॅटची चांगली ट्यूब सुमारे १,३५० ल्यूमेन, म्हणजे एकूण प्रकाश, देते, चार मिळून ५,४००. पण जुन्या फिटिंगमधून त्यातले ६०-६५ टक्केच बाहेर पडतात, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास, आणि धूळ व वय धरले तर त्याहून कमी. ३६ वॅटचे बरे पॅनेल ३,६०० ते ४,००० ल्यूमेन सरळ खाली टाकते. त्यामुळे बदलल्यावर बहुतेक ठिकाणी उजेड वाढतो, कधी नकोसा वाटण्याइतका. युरोपीय मानक ईएन १२४६४-१ कार्यालयीन लिखाण-वाचनाच्या जागी ५०० लक्स आणि कॉरिडॉरला १०० लक्स मागते. पॅनेल बसवल्यावर टेबलावर ६२५ लक्स भरत असतील तर ड्रायव्हर, म्हणजे पॅनेलला वीज पुरवणारा भाग, ८० टक्क्यांवर आणला की ५०० भरतील, डोळ्यांना फरक जाणवणार नाही, आणि वीज जवळजवळ त्याच प्रमाणात उतरेल. यासाठी मंद होणारा ड्रायव्हर घ्यावा लागतो, म्हणून खरेदीआधी ठरवायला हवे. कॉरिडॉरमध्ये तर ३६ ऐवजी कमी वॅटचे पॅनेलच पुरते का ते पाहा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आधी टेबलावर ४५० लक्स होते आणि नंतर २८० उरले, तर कमी झालेली वीज बचतीत धरू नये. तो उजेड कापलेला आहे, आणि लोक महिन्याभरात टेबललॅम्प आणून ठेवतील. म्हणून काम सुरू होण्याआधी प्रत्येक गटात ठरलेल्या ठिकाणी लक्स मोजून नकाशावर लिहा, नंतर त्याच ठिकाणी पुन्हा मोजा. संध्याकाळी मोजा, म्हणजे खिडकीचा उजेड मिसळणार नाही.

एसीवरचा परिणाम लोक विसरतात किंवा फार फुगवतात. दिव्याने घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते, त्यामुळे कमी वॅट म्हणजे एसीला कमी काम. बचत झालेल्या युनिटांपैकी ६० टक्के वातानुकूलित जागेत आणि एसी चालू असतानाच्या वेळेत पडतात आणि एसी यंत्रणा एका युनिटात तीन युनिट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर दिवे आणि सेन्सर मिळून वाचलेल्या १,३८,४०० च्या ६० टक्क्यांचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे २७,७०० युनिट जादा मिळतात. पण ज्या महिन्यांत इमारत गरम करावी लागते तेव्हा हेच गणित उलटे होते. दिव्यांची गेलेली उष्णता हीटरला भरून काढावी लागते. म्हणून हा आकडा हवामान पाहून महिन्यांनुसार काढा, आणि दिव्यांच्या बचतीत मिसळू नका, वेगळ्या ओळीत ठेवा. त्याची खात्री कमी असते आणि तो मोजून सिद्ध करणे अवघड असते.

सगळे झाल्यावर दोन उलटतपासण्या करा. पहिली, क्षेत्रफळाने. इमारत ६,५०० चौरस मीटरची असेल तर ८०० गुणिले ८८ वॅट म्हणजे चौरस मीटरला १०.८ वॅट, आणि नवे ४.६. अमेरिकेतील अ‍ॅश्रे ९०.१ या मानकाची कार्यालयांसाठीची मर्यादा २००४ च्या आवृत्तीत १०.८ आणि २०१९ च्या आवृत्तीत ६.९ वॅट होती, म्हणजे तुमचे दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत. जुना आकडा २५ निघाला असता तर फिटिंगची मोजणी किंवा वॅट पुन्हा तपासावे लागले असते. दुसरी, बिलाने. वर्षाचा एकूण वापर ९ लाख युनिट असेल तर तुमच्या मोजणीने दिव्यांचा वाटा २४ टक्के येतो. पुरवठादाराच्या गृहीतकाने तो ३९ टक्के येतो. एसी, लिफ्ट, संगणक, पंप हे सगळे उरलेल्या ६१ टक्क्यांत बसते का, एवढे विचारले तरी तक्ता उघडा पडतो.

पैशांत रूपांतर करताना एकूण बिल भागिले एकूण युनिट असा दर लावू नका. त्या सरासरीत स्थिर आकार असतो, आणि युनिट कमी झाले म्हणून तो कमी होत नाही. जे युनिट वाचतात त्यांचा ऊर्जा दर लावा. मागणी आकार, म्हणजे कमाल मागणीवर लागणारा आकार, वेगळा काढा: जोडभार (सगळे दिवे लागले तर पडणारा भार) ४०.८ किलोवॅटने घटतो, पण इमारतीची कमाल मागणी येते त्या वेळी त्यातले जेवढे दिवे चालू असतात तेवढाच फायदा. तीन-चतुर्थांश चालू असतील तर ३०.६ किलोवॅट.

पंधरा वर्षांची बचत एकत्र दाखवली असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: पंधरा वर्षे ट्यूब मिळत राहिल्या असत्या का? युरोपीय संघात सर्वसाधारण वापराच्या टी५ आणि टी८ ट्यूब ऑगस्ट २०२३ पासून बाजारात आणता येत नाहीत, आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ च्या बैठकीत सर्वसाधारण प्रकाशाच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायचे ठरवले. म्हणजे काही वर्षांनी तुम्हाला दिवे बदलावेच लागले असते. ८८ वॅटशी तुलना फक्त जुन्या फिटिंगच्या उरलेल्या आयुष्यापुरती धरा, त्यानंतरच्या वर्षांची तुलना तेव्हा बाजारात असलेल्या साध्या एलईडीशी करा.

बचत सिद्ध कशी करणार, हे करारात आधीच लिहा. आयपीएमव्हीपी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दिव्यांसाठी ऑप्शन ए किंवा बी वापरतात. ए मध्ये मुख्य घटक मोजायचा आणि दुसरा दोघांच्या संमतीने ठरवायचा, बी मध्ये सगळेच मोजायचे. तुमच्या इमारतीत नुसते दिवे बदलण्यासाठी ए पुरेल, मात्र पुरवठादार वॅट मोजायला आणि तास ठरवून टाकायला तयार असेल तर ते मान्य करू नका. मोजायचे ते तास, कारण अनिश्चितता तिथे आहे. सेन्सर असलेल्या गटांत बी घ्या. संपूर्ण बिलावरून सिद्ध करणारा ऑप्शन सी मासिक बिलांवर चालायला बचत एकूण वापराच्या १० टक्क्यांहून अधिक लागते. तुमची १५ टक्के आहे, पण त्याच वर्षी एसी बदलला किंवा एक मजला भाड्याने दिला तर तो आकडा वाचता येणार नाही.

व्यवस्थापनाला एक आकडा न देता पट्टा द्या: दिवे आणि सेन्सर मिळून १,२५,००० ते १,५०,००० युनिट, मधला अंदाज सुमारे १,३८,०००. नियंत्रकांची वीज, एसीचा परिणाम आणि कमाल पातळी खाली आणण्याची शक्यता वेगळ्या ओळींत. सोबत गटवार तास, मोजलेले वॅट आणि लक्सचा नकाशा जोडा. आणि कंत्राटदाराला कामाची तारीख देण्याआधी लॉगर लावून चार आठवडे पूर्ण झाले आहेत का ते पाहा, कारण पहिले फिटिंग छतावरून उतरले की जुन्या वापराचा पुरावा पुन्हा मिळवता येत नाही.